मेंढ्यांचे वंश आणि त्यांच्या खुणा

आषाढी वारीस निघालेली तुकोबारायांची पालखी काटेवाडीस आली म्हणजे धनगर बंधू आपलीं मेंढरें तिच्याभोंवतीं रिंगणांत धांवडवितात. पुढें पालखी आमच्या अंथुर्ण्याकडे येते. रिंगण पाहणाऱ्या परक्या मनुष्यास तीं काळीं मेंढरें सारखींच वाटतात. परंतु दख्खनी मेंढींत लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे पोटभेद आहेत, व जाणता धनगर ते नजरेनें ओळखतो. तथापि नजर जेथें थांबते त्यापलीकडेही पुष्कळ कांहीं असतें, आणि मेंढा विकत घेतांना नेमकें तेंच ठाऊक असावें लागतें.

आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं बाजारांतून एक मेंढा घेतला. तो जुळ्यांतला आहे असें विकणाऱ्यानें सांगितलें, व तें खरेंही होतें. त्याच्या लेकींना जुळीं होतील या आशेनें आम्हीं चार पैसे अधिक मोजले. पण त्या एकेकच कोकरूं देत राहिल्या. विकणाऱ्याची लबाडी त्यांत कांहीं नव्हती. आम्हीं मानलेली खूणच कच्ची होती.

महसूल खात्यांत कारकुनी करतांना आम्हीं एक पाहिलें कीं, बांध सरकतो, झाड तोडलें जातें, परंतु मोजणीचा दगड जागेवर असला म्हणजे हद्दीचा तंटा मिटतो. प्राण्याच्या शरीरांतही असे दगड आहेत. त्याच्या पेशींत डीएनए नांवाचा अतिसूक्ष्म, लांबच लांब धागा असतो, व त्यावर अवघ्या चार अक्षरांत त्या प्राण्याचा वंशलेख लिहिलेला असतो. त्यांतील निम्मा बापाकडून व निम्मा आईकडून येतो. या लेखांत ठिकठिकाणीं दोन-तीन अक्षरांचा एकच गट पुनः पुनः आलेला असतो, व तो किती वेळां आला हें घराण्याघराण्यांत निराळें असतें. अशीं कांहीं ठिकाणें निवडून, आपसांत नातें नसलेल्या मेंढ्यांच्या रक्तावरून शास्त्रज्ञ ही मोजदाद करतात. एका जातींत पुष्कळ प्रकार सांपडले तर तिचें भांडवल मोठें. थोडेच सांपडले तर ती जात आंतल्या आंत आटत चालली असें समजावें. दोन जाती एकमेकींपासून किती दूर आहेत, हेंही या मोजदादीवरून ठरवितां येतें.

हें भांडवल कशास हवें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्या शेजारीं फलटणास मिळतें. तेथें बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं स्थापिलेली निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. आपली दख्खनी मेंढी काटक खरी, पण बहुधा एका वेळीं एकच कोकरूं देणारी. बंगालच्या सुंदरबनांतील गरोल मेंढी दिसण्यांत अगदीं ठेंगणी, परंतु दोन-दोन, क्वचित् तीन कोकरें देणारी. संस्थेनें गरोल आणून दख्खनीशीं तिचा संकर केला. पुढें २००१ सालीं ऑस्ट्रेलियांतील बुरूला मेरिनो मेंढ्यांच्या जुळ्यांचें कारण शास्त्रज्ञांस सांपडलें: वंशलेखांत एका जागीं एकच अक्षर बदललेलें. तोच बदल २००२ सालीं गरोल मेंढींत आढळला. १७९२-९३ च्या सुमारास बंगालमधून ऑस्ट्रेलियास मेंढ्या गेल्या होत्या. त्यांच्याबरोबरच हा गुण तिकडे गेला असावा, असें मानतात. ठेंगणी म्हणून गरोल जात कोणी मोडींत काढली असती, तर हें धन तिच्याबरोबर गेलें असतें.

फलटणास दर पिढींत हें अक्षर तपासून पुनः पुनः दख्खनीशीं संकर करण्यांत आला. त्यामुळें दख्खनीचा बांधा व काटकपणा राखून जुळ्यांचा गुण घेतां आला. या मेंढीस ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें साह्य या कामीं झालें. तपासणीस रक्ताचे कांहीं थेंब पुरतात. वंशलेखाचा हवा तेवढाच तुकडा वाढवून त्यांत कात्रीसारखें काम करणारें एक द्रव्य घालतात. अक्षर बदललेलें असेल तर तुकडा कापला जातो, नसेल तर अखंड राहतो.

या गुणाचा हिशोब सोपा आहे. मेंढ्याजवळ त्याच्या दोन्ही प्रती असतील तर साध्या मेंढ्यांपासून झालेल्या त्याच्या प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते. एकच असेल तर सरासरीनें निम्म्यांना. मुळींच नसेल तर कोणालाच नाहीं. एक प्रत असलेली मेंढी सरासरीनें दर वेतास सुमारें दीड कोकरूं देते. हा गुण मादीच्या अंडाशयांत काम करतो, म्हणून नराच्या अंगावर त्याची कोणतीही खूण दिसत नाहीं. शिवाय चांगल्या चाऱ्यावर साध्या मेंढीसही कधीं जुळीं होतात. आमच्या मेंढ्याचें कोडें आतां वाचकांस उलगडलें असेल.

मात्र जुळीं म्हणजे दुप्पट उत्पन्न नव्हे. दोन कोकरांना दूध पुरावें यासाठीं गाभणपणाच्या अखेरीस व विल्यानंतर मेंढीस अधिक खुराक हवा. दोन्ही प्रती असलेल्या मेंढीस तिळीं होऊन कोकरें अशक्त निपजण्याचा संभव अधिक. ज्याच्याजवळ चारा नाहीं त्यानें या वाटेस जाऊं नये.

सारांश, जुळ्यांसाठीं मेंढा घेतांना तपासणीचा दाखला मागावा. घरचा मेंढा त्याच्याच लेकींवर सोडूं नये, दोन वर्षांनीं बदलावा. आणि कोणत्या मेंढीस कोणत्या नराचें कोकरूं झालें, हें वहींत लिहून ठेवावें. जमिनीचा उतारा आपण जपून ठेवतों, त्याच काळजीनें कळपाचाही ठेवावा, अशी आमची विनंती आहे.