कोवळ्या गव्हावरील तांबेरा आणि दंव

गव्हावर तांबेरा दिसला म्हणजे “यंदा हवा बिघडली” असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु हवेंतील नेमकें काय बिघडलें, हें कळल्यावांचून उपाय सुचत नाहीं.

तांबेरा ही बुरशी आहे. तिचे सूक्ष्म बीजकण वाऱ्याबरोबर शेंकडों मैल जातात. सपाटीवरील कडक उन्हाळ्यांत ते तग धरीत नाहींत. निलगिरी, पळणी व हिमालय या थंड डोंगरांवर रोग जिवंत राहून तेथून दरसाल मैदानांत येतो, हें आग्र्याचे प्रोफेसर करमचंद मेहता (१८९२–१९५०) यांनीं दाखवून दिलें. अर्थात् बीजकणांचें येणें आपल्या हातीं नाहीं.

मात्र बीजकण पडला म्हणजे रोग झाला, असें नव्हे. रुजण्यासाठीं त्यास पानावर पाण्याचा पातळ थर सुमारें ६ ते ८ तास लागतो. हवा १५ ते २० अंश असल्यास त्याचा अंकुर पर्णरंध्रांतून आंत शिरतो. तत्पूर्वीं पान वाळलें तर अंकुर मरतो. आंत शिरल्यावर मात्र ऊन पडूनही उपयोग नाहीं. आठ-दहा दिवसांत तपकिरी पुळ्या फुटून प्रत्येकींतून हजारों बीजकण उडतात. म्हणून रोपावस्थेंतील लागण अधिक घातक. दाणा भरेपर्यंत अशीं अनेक आवर्तनें होतात.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. जमिनींतील ओल निराळी व पानावरील ओल निराळी. प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून असतां पैसेवारीच्या पाहणींत एका खातेदाराचा गहूं विरळ दिसला. तांबेऱ्याच्या भयानें त्यानें तिसऱ्या आठवड्यांतील पाणी तोडलें होतें. मुकुटमुळें फुटण्याचा काळ तोच. फुटवे आले नाहींत. तांबेऱ्यानें नेलें नसतें तें भयानें नेलें!

तेव्हां मुळांस पाणी वेळेवर द्यावें, पण पान फार वेळ भिजत ठेवूं नये. तुषारसंच सायंकाळीं चालवूं नये. दंव उडाल्यावर सुरू करून दुपारपर्यंत आटोपावा. पेरणी दाट करूं नये, युरिया बेताचा द्यावा. प्रतिकारक वाण निवडणें हा पहिला उपाय होय. ढगाळ हवा व सकाळीं उशिरापर्यंत दंव असे दिवस लागोपाठ आल्यास ओढ्याकांठचे व झाडांच्या सावलींतील वाफे आधीं पाहावे. पहिल्या पुळ्या दिसतांच प्रोपिकोनॅझोल (२५ टक्के) लिटरमागें १ मिलिलिटर मिसळून फवारावें. सकाळीं शेतांत गेल्यावर पायांस लागणारें दंव किती वाजतां उडतें, एवढें जो ध्यानांत ठेवील, त्यास तांबेरा अवचित गांठणार नाहीं.