नेत्रांतर्गत लिम्फोमाचे निदान : काही समस्या

पन्नाशी ओलांडलेला रुग्ण डोळ्यांपुढे ढग तरंगत असल्याची तक्रार घेऊन येतो. डोळा फारसा लाल नसतो, दुखतही नाही. तपासणीत काचाभ द्रवात पेशी आढळतात आणि नेत्रदाहाचे, म्हणजे युव्हिआयटिसचे, निदान केले जाते. विदर्भासारख्या प्रदेशात मँटू चाचणी होकारात्मक येणे नवलाचे नाही. साहजिकच क्षयजन्य दाहाचा संशय बळावतो. स्टिरॉइडने डोळा निवळतो. घोटाळा होतो तो येथेच! लिम्फोमाच्या पेशीही स्टिरॉइडने काही काळ नष्ट होतात आणि औषध कमी करताच ढग परततात.

दाहाचा मुखवटा धारण करणारा हा विकार बहुधा बी-पेशींचा मोठ्या पेशींचा लिम्फोमा असतो. तो दुर्मीळ आहे. परंतु बहुसंख्य रुग्णांत पुढे मेंदूही बाधित होतो. त्यामुळे निदानातील विलंब केवळ दृष्टीपुरता राहत नाही.

खात्रीचे निदान पेशी पाहूनच होते. त्यासाठी व्हिट्रेक्टॉमी करून, सलाईनचा प्रवाह सुरू करण्यापूर्वी, सुमारे एक मिलिलिटर अविरल काचाभ द्रव काढला जातो. तत्पूर्वी स्टिरॉइड वैद्यकीय देखरेखीखाली क्रमाने बंद करणे इष्ट. या पेशी अतिशय नाजूक असतात. मोठे व अनियमित केंद्रक, ठळक केंद्रिका आणि भोवती पेशीद्रवाची अरुंद कड ही त्यांची ओळख. पण नमुना रेंगाळला तर मृत पेशींचा गाळच हाती लागतो. नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतील एखाद्या रुग्णालयात शस्त्रक्रिया आणि दुसरीकडे प्रयोगशाळा अशी व्यवस्था असेल, तर मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात त्या थेंबांचा प्रवास कसा होतो, हा प्रश्न शल्यकौशल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. विकृतिशास्त्रज्ञाला आधी दूरध्वनी करून ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय मात्र अनेकदा विसरला जातो.

पेशी अपुऱ्या असल्यास पूरक चाचण्या साहाय्यक ठरतात. बी-पेशींचा लिम्फोमा इंटरल्युकिन-१० अधिक स्रवतो, तर दाहात इंटरल्युकिन-६ वाढते. पहिल्याचे दुसऱ्याशी गुणोत्तर एकपेक्षा अधिक असल्यास संशय दृढ होतो. एमवायडी८८ या जनुकातील एल२६५पी हे उत्परिवर्तन बऱ्याच रुग्णांत सापडते आणि त्यासाठी अल्प डीएनए पुरतो. मात्र यांपैकी कोणतीही चाचणी नकारात्मक आली म्हणून लिम्फोमा नाही, असे म्हणता येत नाही. संशय कायम असल्यास पुन्हा नमुना घ्यावा लागतो. प्रसंगी दृष्टिपटलाखालील ऊतकाचाही.

निदान झाल्यावर नेत्रतज्ज्ञाचे काम संपत नाही. मेंदूचे एमआरआय आणि आवश्यकतेनुसार मेरुद्रवाची तपासणी करावी लागते. नागपुरात १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व २०१८ पासूनची एम्स अशा संस्थांमुळे नेत्र, मज्जा आणि कर्करोग या शाखांचे तज्ज्ञ एकाच शहरात उपलब्ध आहेत. पहिले एमआरआय निर्दोष आले तरी ते ठराविक कालावधीने पुन्हा करावे लागते, कारण मेंदूतील गाठ कित्येकदा डोळ्यातील विकारानंतर काही वर्षांनी प्रकट होते.