झटपट गोंदाची पावसाळ्यातील साठवण

देवगड तालुक्यातील विजयदुर्ग हे गाव वाघोटण खाडीच्या मुखाशी वसले आहे. विजेरीचे फुटलेले झाकण वा चष्म्याची मोडलेली काडी जोडण्यासाठी येथे आणलेली सुपरग्लूची नळी एकदा उघडली, की पावसाळ्यात पुन्हा हाती घेईतो बहुधा दगड झालेली आढळते आणि तिचे पैसे वाया जातात. गोंद वाळला, अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः तो वाळत नाही. त्यातील सायनोअॅक्रिलेट हा पदार्थ हवेतील बाष्पाच्या अल्प संपर्कानेही घट्ट होतो, आणि सागरकिनारी बाष्पाची वाण नाही.

यास्तव वापर होताच नळी उभी धरून तोंडाशी राहिलेला गोंद आत उतरू द्यावा व टोपण घट्ट लावावे. सुती चिंधीने मात्र पुसू नये. सुतावर हा गोंद सांडल्यास ते तापते व बोट भाजू शकते. नंतर नळी घट्ट झाकणाच्या बरणीत, औषधाच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह उभी ठेवावी. न उघडलेली नळी शीतकपाटात अधिक काळ टिकते. परंतु थंड नळी बाहेर काढून लगेच उघडल्यास तिच्यावर दव धरते व सारी खटपट व्यर्थ जाते, तासभर थांबावे. बरणी खाद्यपदार्थांपासून व मुलांच्या हातापासून दूर असावी. डोळ्यांच्या औषधाच्या कुपीशेजारी तर ती कधीच ठेवू नये.