निंबोळी अर्क आणि ऊन

नोकरींत आणेवारीच्या कागदांवर मीं कीड पुष्कळ लिहिली. उचगांवच्या मक्यांत ती पाहिली निवृत्तीनंतर. २०१८ सालीं या देशांत प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यांत दडते. पूर्वीं पोंग्यांत टाकावयाच्या फोरेटच्या दाण्यांतून औषध सावकाश सुटे; परंतु त्या जहरावर २०२० अखेर बंदी आली, ती योग्यच. निंबोळी अर्कांत तो टिकाऊपणा नाहीं. त्यांतील अझाडिरॅक्टिन उन्हांत लवकर नासतें. म्हणून स्टार्च किंवा कोळंबीच्या कवचापासून केलेल्या चिटोसानच्या वेष्टनांत तें कोंडावें, म्हणजे थोडें थोडें पाझरेल व वेष्टन मातींत कुजेल, अशी संशोधकांची खटपट आहे. तोंवर बंधूंनीं पांच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर अर्क करावा व उन्हें उतरल्यावर पोंग्यांत फवारावा. मीं एकदां भर दुपारीं फवारला. मजुरी तेवढी गेली.