नवीन गेमिंग फोन घ्यायचाय? आधी बघा, लॅग फोनचा आहे की नेटवर्कचा!

आमच्या शिरूर-दौंड भागात उसाचं बिल जमा झालं किंवा दिवाळीचा बोनस हातात पडला की मला एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, बीजीएमआयसाठी कोणता फोन घेऊ? माझा लय लॅग मारतोय."

मी लगेच फोनचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, लॅग म्हणजे नक्की काय होतं? कारण आपण ज्याला सरसकट लॅग म्हणतो, ते तीन वेगवेगळे आजार आहेत आणि नवीन फोन हे त्यातल्या एकाचंच खात्रीचं औषध आहे. वीस-पंचवीस हजार घालवायच्या आधी आपल्याला कोणता आजार आहे, ते पाच मिनिटांत तपासता येतं.

आजार पहिला: पिंग

तुम्ही गोळी झाडली की त्याची माहिती सर्व्हरपर्यंत जाते आणि उत्तर परत येतं. या जाण्या-येण्याला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदात मोजतात आणि गेममध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो. ५०-६० असेल तर मस्त. १५०च्या वर गेला की आपण आडोशाला पोचलेलो असतो, तरी मरतो.

ओळखायचं कसं? लॅग सुरू झाला की बोटाने कॅमेरा गोल फिरवा. दृश्य लोण्यासारखं फिरतंय, पण बाकीचे खेळाडू जागीच धावतायत किंवा उड्या मारत पुढे जातायत, तर दोष नेटवर्कचा. कारण कॅमेरा फिरवायचं काम तुमचा फोनच करतो, त्याला इंटरनेट लागत नाही. कॅमेराच अडखळत असेल तर दोष फोनचा.

आमच्या स्क्वॉडमध्ये दोघं शिरूर तालुक्यातले, दोघं दौंडचे. दौंडमधल्या एकाच्या घरी फायबरचं वायफाय आहे, त्याचा पिंग ४५च्या आसपास स्थिर असतो. शिरूरकडचा एक जण वस्तीवर राहतो, घराला पत्र्याचं छत. फोन दोघांचा एकाच मॉडेलचा! पण रात्री आठ ते दहा याचा पिंग दोनशेला टेकतो. एक तर पत्रा रेडिओ लहरी अडवतो. दुसरं म्हणजे त्या वेळेला अख्खं गाव एकाच टॉवरवर व्हिडिओ बघत असतं. हा गडी रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहे आणि हप्त्यावर तीस हजारांचा फोन घ्यायला निघाला होता. फोन बदलून त्याचा पत्रा आणि टॉवर बदलला असता का?

त्याला आम्ही एवढंच करायला लावलं: फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मधून सिम स्टेटस उघडायचं आणि सिग्नल स्ट्रेंथ बघायची. आकडा उणे असतो. उणे ८५च्या आसपास असेल तर चांगला, उणे ११०च्या पुढे गेला तर खराब. मग घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून हॉटस्पॉट घेऊन दोन मॅच खेळायच्या. दुसऱ्या सिमवर, पडवीत बसल्यावर, पिंग ८०वर आला. खर्च फक्त रिचार्जचा. (रेंजसाठी रात्री उसाच्या कडेला जाऊन बसू नका बरं का, आपल्याकडे बिबटे आहेत!)

आणखी एक. स्पीड टेस्टमध्ये ५जीचे मोठे आकडे बघून भुलू नका. मॅच खेळायला डेटा फार लागत नाही, व्हिडिओपेक्षा कितीतरी कमी. गेमला वेगापेक्षा स्थिर पिंग हवा असतो.

आजार दुसरा: तापणं

पहिली पंधरा मिनिटं फोन झकास चालतो, मग अडखळायला लागतो आणि मागची बाजू चटका देते. हा बिघाड नाही. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो मुद्दाम वेग कमी करतो. एप्रिल-मे महिन्यात दौंडच्या उन्हात तर महागडे फोनही हेच करतात.

उपाय फुकटातले आहेत. कव्हर काढा. चार्जिंगला लावून खेळू नका. लोडशेडिंगनंतर लाइट आली की आपण चार्जर लावतो आणि लगेच मॅच सुरू करतो, तेव्हा फोन दोन्हीकडून तापतो. बीजीएमआयमध्ये ग्राफिक्स 'स्मूथ' ठेवा आणि फ्रेम रेट एक पायरी खाली आणा. तिथे 'एक्स्ट्रीम' म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम आणि 'अल्ट्रा' म्हणजे ४०. माझं मत स्पष्ट आहे: ६० वरून २५ वर आपटणाऱ्या फ्रेमपेक्षा स्थिर ४० बरे. नेम साधताना हाताला सवय लागते ती एकसारख्या वेगाची.

आजार तिसरा: फोन खरंच थकलाय

कॅमेरा पहिल्या मिनिटापासून अडखळतो, गेम मध्येच बंद पडतो, तुमच्यासाठी मॅप उघडेपर्यंत बाकीचे विमानातून उतरलेले असतात. मग फोन बदला, पण जाहिरातीचे आकडे नीट वाचा.

'१२ जीबी रॅम' असं लिहून खाली बारीक अक्षरात ६+६ असेल, तर खरी रॅम ६च. उरलेली ६ म्हणजे रॅम म्हणून वापरलेलं स्टोरेज, आणि ते रॅमपेक्षा खूप हळू असतं. '१२० हर्ट्झ' हा डिस्प्लेचा वेग आहे. त्या फोनवर तुमचा गेम ९० किंवा १२० फ्रेम देतो का, हा वेगळा प्रश्न. स्टोरेज ईएमएमसी नाही, यूएफएस आहे ना, ते बघा. रिव्ह्यू बघताना पहिली पाच मिनिटं सोडा, अर्ध्या तासानंतर किती फ्रेम मिळतात ते बघा.

स्वस्त की महाग? महिन्याचा हिशेब करा

मी किंमत भागिले वापराचे महिने असा हिशेब करतो. उदाहरणार्थ, २४ हजारांचा फोन तीन वर्षं चालला तर महिन्याला साधारण ६६७ रुपये पडतात. १५ हजारांचा जुना फोन दीडच वर्ष चालला तर ८३३. म्हणजे स्वस्त तेच महाग पडलं!

'नो कॉस्ट' हप्त्याचंही तसंच. शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो, हे रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१३ सालीच बजावलं होतं. प्रोसेसिंग फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी आणि हातची गेलेली रोखीची सूट, हे सगळं मिळवून बघा.

सेकंड हँड घेताय? *#०६# डायल करून आयएमईआय नंबर काढा. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर समजतं. चोरीचा फोन गळ्यात पडला तर फोनही जातो, पैसेही.

आणि यूसी?

गेममधल्या खरेदीबद्दल मी जरा कडक आहे. बंदुकीच्या स्किनने गोळी जास्त सरळ जात नाही, आणि ती स्किन तुमच्या मालकीचीही नसते. ती राहते कंपनीच्या सर्व्हरवर. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली आणि ऑक्टोबरअखेर भारतातले सर्व्हर बंद झाले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आल्यावर जुना डेटा हलवायची सोय मिळाली, पण ठरावीक मुदतीपुरतीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयच स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. प्रत्येक वेळी पोरांनी घातलेले पैसे अधांतरी लटकले.

फोन निदान विकता येतो, स्किन कोण विकत घेणार? करमणूक म्हणून परवडत असेल तर जरूर घ्या, जसं आपण जत्रेत पाळण्यात बसतो. गुंतवणूक म्हणून मात्र नको.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी कॅमेरा फिरवून बघा, मग दुसरं सिम, मग सेटिंग. तिन्ही करूनही अडखळत असेल, तरच दुकानाची पायरी चढा. घरच्यांकडे पैसे मागतानाही मग सांगता येतं की आधी सगळं तपासलंय.