चार चाकांवरची बेगमी

पावसाळ्याआधी घरात धान्य भरून ठेवायची आपली रीत. अमेरिकेत व्हॅनमध्येच बिऱ्हाड थाटलेल्यांना अशी बेगमी हिवाळ्याआधी करावी लागते. कुणी हौसेने या वाटेला लागलेले, तर कुणी घरभाडे परवडेना म्हणून. ‘नोमॅडलँड’ या २०२० च्या चित्रपटात दिसतात ती हीच माणसे. थंडीत यांतले बरेचजण ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइटला मुक्काम हलवतात. पण तिथेही रात्री गारठवणाऱ्याच.

सामान ठेवायला दोन-तीन खोकी, पैसा बेताचा. मग स्वस्त म्हणून राजमा भरला जातो. तो रात्रभर भिजवायचा, तासभर शिजवायचा. वाण्याकडे वाचलेले पैसे गॅसवर जातात, आणि पाणी तर मोजूनच वापरायचे! त्यापेक्षा मसूर बरी. भिजवावी लागत नाही. चांगली उकळून थर्मासमध्ये ओतली की तिथेच मऊ होते. राजम्याला मात्र ही युक्ती लावू नये; अर्धकच्चा राजमा बाधतो.

डबाबंद उसळी नुसत्या गरम केल्या की झाले. पण कडाक्याच्या थंडीत आतले पाणी गोठून डबा फुगतो, त्याची शिवण उसवते. म्हणून डबे अंथरुणाजवळ, उबेत ठेवायचे. शेंगदाण्याचे लोणी आणि ओट्स यांची ही कटकट नाही.

इंधनाचीही निवड पाहावी लागते. शून्याच्या आसपास ब्यूटेनची शेगडी धड पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहतो. आणि बाहेर कितीही हुडहुडी भरलेली असली, तरी शेगडी पेटली की खिडकी किलकिली करावीच लागते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.