गाण्याला गोष्ट जोडताना



शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की नाच-गाण्याच्या तालमी सुरू होतात. हल्ली त्यात एक नवे काम आले आहे. मुले मोबाइलवर गाण्याची चित्रफीत, म्हणजे आपण सगळे ज्याला व्हिडिओ म्हणतो ती, तयार करू पाहतात. हौस चांगली आहे. पण पुष्कळदा सुरुवात होते ती थेट कॅमेऱ्यापासून. जरा किनाऱ्यावर चाला, जरा चिकूच्या वाडीत फिरा, हात हलवा, झाले! मग पाहणाऱ्याला विचारावे, "काय पाहिलंस रे?" तर त्याला सांगता येत नाही. म्हणून कॅमेरा हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर ठरवाव्यात. आपल्या चित्रफितीचा प्रकार कोणता, आणि तिच्यातली गोष्ट कोणाची.

प्रकार ढोबळ मानाने तीन. पहिल्यात गाणारे आणि नाचणारेच दिसतात. दुसऱ्यात गाणे चालू असताना एक गोष्ट घडते. तिसऱ्यात धड गोष्ट नसते, एखादी कल्पना निरनिराळ्या चित्रांतून पुढे सरकते. तिन्हींची सरमिसळ करता येते, पण मुख्य कोणता हे आधी ठरलेले हवे. त्यातही गोष्ट असेल तर ती हसवणारी, भीतीची, धाडसाची की विरहाची, हेही ठरवावे लागते. ते का, ते आता पाहू.

आपल्याच भागातला विषय घ्या. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे हादरे बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपास लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या, तंबू आले, मुलांचे वर्ग उघड्यावर भरले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या दिवशीच्या पळापळीत एका लहानगीचा जीव गेला. आज वरच्या वर्गात बसणाऱ्या मुलांना ते दिवस आठवतात. त्यावर त्यांनी गाणे रचले, तर नवल नाही.

आता समजा, मुलांनी अशी गोष्ट जुळवली : हादरा बसतो, घरातले सगळे अंगणात येतात. आजोबांचा तारपा आत खुंटीलाच राहतो. दुधी भोपळ्याचा तो, पडला तर फुटणारच. नातवाचा जीव त्याच्यात अडकला आहे. पुढे काय?

धाडसाचा प्रकार निवडला, तर गोष्ट आपोआप त्या पोराला घरात पळायला लावील. भिंत हलते आहे, कौले पडताहेत, आणि पोरगा तारपा घेऊन बाहेर येतो! टाळ्या पडतील. पण ती चित्रफीत पाहणारे दुसरे पोर पुढच्या हादऱ्याला तेच करील. हादरा थांबला तरी मागून आणखी धक्के येऊ शकतात. घर तपासल्याशिवाय आत जायचे नाही, हे आपणच वर्गात शिकवतो. मग गाण्यातून उलटे कसे शिकवावे?

हीच गोष्ट वाट पाहण्याच्या प्रकारात घाला. पोरगा दाराकडे जातो, आजोबा त्याचा हात धरतात. रात्रभर तो उघड्या दाराकडे बघत बसतो. सकाळी घर तपासून मोठी माणसे तारपा बाहेर आणतात. गोष्टीला लागते ते सगळे इथे आहे : एक माणूस, त्याला हवी असलेली वस्तू, आड येणारी अडचण, आणि शेवटी झालेला बदल. ताणही आहे, पण तो पळण्यात नसून थांबण्यात आहे. बघा, प्रकार बदलला तसे गोष्टीचे वळण बदलले. म्हणूनच तो विचार करून निवडायचा.

दुसरी गोष्ट शब्द आणि चित्र यांची. गाण्यात 'अंगण' आले की लगेच अंगण दाखवायचे, याने चित्र शब्दांची नुसती री ओढते. त्यापेक्षा चित्राने भर घालावी. शब्द अंगणाचे असताना रिकामी खुंटी दिसली, तर पाहणारा स्वतः अर्थ लावतो. कधी चित्र शब्दांच्या उलटही जाऊ शकते. गाणे आनंदाचे आणि चेहरा भ्यालेला, असे. १९७७ चा जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत' शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावा. ठाकर समाजातली ती कथा आहे. ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत तिथे कथेला पुढे नेते. गाण्यासाठी कथा थांबून राहत नाही.

कॅमेरा कुठे ठेवावा, हे शिकायला दूर जायला नको. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना वारली चित्रकलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रातला तारपा नाच आठवा. नाचणाऱ्यांचे वेटोळे जणू झाडावरून पाहिल्यासारखे दिसते, पण माणसे मात्र बाजूने काढलेली असतात. म्हणजे सगळा फेर दिसायला उंच जागा हवी, आणि पावले दिसायला जमिनीलगतची. दोन्ही ठिकाणांहून चित्रण करा.

मग कागदावर हिशेब मांडा. तीन मिनिटांच्या गाण्याचे १८० सेकंद. एकेक दृश्य सरासरी पाच सेकंदांचे धरले तर ३६ दृश्ये लागतात. चार रकाने आखा : वेळ, ऐकू काय येते, दिसते काय, कुठे घ्यायचे. कागदावर खोडणे फुकट असते, उन्हात तीस मुले उभी करून खोडणे महाग पडते.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. तो कागद गावातल्या जाणत्या माणसांना वाचून दाखवा. तारपा हे भाताच्या हंगामाचे वाद्य. फेब्रुवारीतल्या गोष्टीत आजोबांनी तो वाजवावा का, हे तेच सांगतील. नको म्हणाले, तर शेवट बदला : आजोबा तारप्याचे मेण चाचपून बघतात आणि तो पुन्हा टांगून ठेवतात. हा शेवट कदाचित अधिक चांगला ठरेल. लग्नविधीत धवलेरी म्हणते ती गाणी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. आणि ज्यांचा सूर घेतला, ज्यांचे अंगण घेतले, त्यांची संमती घ्या, त्यांची नावे शेवटी मोठ्या अक्षरांत द्या. चित्रफीत एकदा मोबाइलवरून गेली की कुठवर जाईल, सांगता येत नाही. तिच्याबरोबर त्यांचे नावही गेले पाहिजे.

यंदा मुले कॅमेरा मागायला आली, तर नाही म्हणू नका. आधी त्यांच्या हातात पेन्सिल द्या, आणि तो कागद भरला की कॅमेरा द्या.